टेली-मानस १४४१६, एक पेड ॲप आणि एक काउन्सेलर: गाई-म्हशींच्या डॉक्टरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार टेली-मानसला, म्हणजे १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला. पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन काउन्सेलिंग ॲपला दोन. आणि शहरातल्या ज्या काउन्सेलर बाईंकडे मी शेवटी टिकून राहिले त्यांना पाच, पण त्या सगळ्यांना परवडतील असं नाही आणि जवळही पडणार नाहीत. तिन्हींबद्दल सविस्तर लिहितेय कारण मी शोधत होते तेव्हा व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या नजरेतून मराठीत लिहिलेलं काहीच हाताला लागलं नाही, जे मिळालं ते सगळं ऑफिसात बसून काम करणाऱ्यांसाठी होतं, वीकेंडला लॅपटॉप बंद ठेवा वगैरे, आणि आमच्याकडे वीकेंड बघून गाय विते असं होत नाही.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून बीव्हीएस्सी केलं, आता फलटण भागात खाजगी प्रॅक्टिस आहे, बहुतेक काम एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईंचं, थोड्या म्हशी, शेळ्या, अधूनमधून कुणाचा तरी कुत्रा. हा सगळा दुधाचा पट्टा. घरटी दोन-चार गाई आणि काही पोरांनी कर्ज काढून मोठे मुक्त गोठे टाकलेत. सुरुवातीला मी गाडीतून उतरले की लोक मागं बघायचे, 'साहेब नाय आलं?' असं विचारायचे, आता तसं कोणी विचारत नाही, आता मॅडमच पाहिजेत म्हणतात. ते ऐकायला फार बरं वाटतं. पण मॅडमच पाहिजेत म्हणजे रात्री अडीचलाही मॅडमच पाहिजेत, दिवाळीच्या पाडव्यालाही, आणि अंगात ताप असला तरीही.

व्हेटला कसला ताण असं मला सख्ख्या नातेवाइकांनी विचारलंय. मुक्या जनावरांचं काम, वर साहेब नाही, टार्गेट नाही. त्यांचं चुकत नाही, बाहेरून तसंच दिसतं. पण एक चांगली दुभती गाय आज लाखाच्या घरात जाते, ती बऱ्याचदा कर्जावर घेतलेली असते, आणि ती व्यायच्या वेळेला अडते किंवा व्याल्यावर दुसऱ्या दिवशी मिल्क फिवरने, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटून, मान टाकून पडते तेव्हा तिच्या भोवती अख्खं घर उभं असतं, म्हातारी आई असते, पोरं असतात, आणि सगळ्यांची नजर तुमच्या हातातल्या सलाईनवर. शिरेतून कॅल्शियम सोडताना गाईचं हृदय कोलमडू शकतं, कितीही हळू सोडलं, स्टेथोस्कोप लावून बसलं तरी काही गाई जातात, हे पुस्तकात आहे, हे आम्हाला माहीत असतं. गोठ्यात उभ्या माणसाला एवढंच दिसतं की डॉक्टरनं सुई लावली आणि गाय गेली.

माझ्या बाबतीत असं झालं आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या शेतकऱ्याने नंतर स्वतःहून येऊन हात जोडले, त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरातली मोठी कमाईच त्या दिवशी गेली होती. पण तो व्हिडिओ पुढं पुढं जातच राहिला, मी ज्या गावात कधी गेले नाही तिथल्या माणसानं मला त्याबद्दल विचारलं.

आता एका गाईनं कोणी खचत नाही. हे साठत जातं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी हा गाई-बैलांचा त्वचारोग सुरू झाला आणि बघता बघता सगळ्या राज्यात पसरला, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत गावोगाव फिरणं, बैलबाजार बंद, शर्यती बंद, अंगभर गाठी आलेली वासरं. नुकसानभरपाई होती, दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार, पण त्यासाठी पंचनामा हवा, कानात बिल्ला हवा, कागद हवेत, आणि सरकारी दवाखान्यातले माझे मित्र दिवसा लसीकरण करून रात्री कागद भरत बसायचे. त्यातल्या एकाकडं स्वतःच्या दवाखान्याशिवाय शेजारच्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार होता. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ साली सांगितलं होतं की साधारण पाच हजार मोठ्या जनावरांमागं एक पशुवैद्य असावा. त्या मित्राला हे वाक्य वाचून दाखवलं तर तो काही बोललाच नाही, फोन आला म्हणून उठून गेला.

आणि पैसे. उधारीबद्दल आमच्यात कोणी मोकळं बोलत नाही पण ताणाचं अर्धं कारण तेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दुधाचं बिल आलं की देतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. २०२३ च्या शेवटाला दुधाचे दर पडले, सरकारला जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागं ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, आणि दर पडला की शेतकऱ्याच्या घरी आधी पेंडेचं बिल, मग हप्ता, मग पोरांची फी, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. मी भांडू कुणाशी? त्याच्या खिशात नाही हे मला दिसतं. मेडिकलवाल्याला मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात.

याच्याही पुढचं एक दुखणं आहे जे सांगायला सगळ्यात अवघड. काय केलं तर जनावर वाचेल हे तुम्हाला पूर्ण माहीत असतं आणि मालकाकडे तेवढे पैसे नसतात, मग तुम्ही त्याच्या ऐपतीत बसेल तेवढीच ट्रीटमेंट देता आणि घरी येऊन जेवायला बसता. किंवा दहा-बारा दिवस खाली बसलेली गाय, उठतच नाही, कुशीला जखमा पडल्यात, मालक बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो मॅडम आता काय करायचं, आणि त्या प्रश्नाला देण्यासारखं सोपं उत्तर तुमच्याकडं नसतं. शहरात पेट प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं याच्या उलट, तिला दयामरण द्यावं लागतं, कधी सकाळी एक आणि दुपारी एक, आणि मधल्या वेळात पपीचं पहिलं लसीकरण हसतमुखानं करायचं असतं कारण त्या घरासाठी तो आनंदाचा दिवस असतो.

अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या लोकांनी १९७९ ते २०१५ पर्यंतच्या व्हेटच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१९ ला तो पेपर आला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत आत्महत्येनं जाण्याचं प्रमाण महिला व्हेटमध्ये साडेतीन पट आणि पुरुष व्हेटमध्ये दुपटीहून थोडं जास्त. आकडे तिकडचे आहेत, तिथली परिस्थिती वेगळी. पण कारणं वाचताना मला एकही कारण परकं वाटलं नाही.

माझं काय होत होतं ते थोडक्यात. फोन वाजला की छातीत धडधडायचं, मग तो आईचा असो की औषध कंपनीच्या एमआरचा, म्हणजे प्रतिनिधीचा. झोप लागली तरी तीनला जाग यायची आणि कुठल्यातरी जुन्या केसचा विचार सुरू व्हायचा. घरात चिडचिड. ज्या कामासाठी साडेपाच वर्षं शिकले त्याचा कंटाळा यायला लागला, आणि मग एक असा टप्पा आला की सकाळी उठूच नये असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या गावात मानसोपचारवाल्या डॉक्टरच्या दारात माझी गाडी उभी दिसली तर संध्याकाळपर्यंत चार गावांत कळेल ही भीती होती, आणि ती उगाच नव्हती, माझी गाडी सगळ्यांना ओळखू येते.

आता १४४१६ बद्दल. ही लाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, केंद्र सरकारची आहे, बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्यामागची मुख्य संस्था. चोवीस तास, फुकट, वीस भाषांत. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६, तोही तिथंच लागतो. फोन लावला की आधी भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडली की आपल्या भाषेतलं माणूस बोलतं. हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. रात्रीची केस करून परत येताना नीरा उजव्या कालव्याच्या कडेला गाडी उभी करून मी पहिल्यांदा फोन लावला, अंगावर अजून त्या गोठ्यातला वास होता, आणि त्या वेळेला मला माझं मन हिंदी-इंग्लिशमध्ये जुळवून मांडायला जमलंच नसतं. 'गाय गेली' हे दोन शब्द मराठीत बोलले आणि पुढचं आपोआप आलं.

पलीकडच्या काउन्सेलरनं मध्ये तोडलं नाही. गाय कशी गेली हे मला तपशिलात सांगायचं होतं, किती एमएल, किती वेगानं, आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं, मग शांतपणे विचारलं की त्या रात्री तुमच्याबरोबर कोण होतं. कोणी नव्हतं. मी एकटीच असते. याआधी मला हे कुणी विचारलंच नव्हतं, सगळे गाईबद्दल विचारायचे.

तिनं आत्महत्येच्या विचारांबद्दलही सरळ विचारलं. गोल गोल नाही, थेट. कधी जीव द्यावासा वाटतो का, आत्ता वाटतोय का, घरी कोण आहे, त्यांना माहीत आहे का. मला आधी धक्का बसला पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, की हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर दिल्यावर समोरचं माणूस घाबरत नाही. मग तिनं विचारलं की कामासाठी तुमच्याजवळ धोकादायक औषधं असतात का. असतात, प्रत्येक व्हेटजवळ असतात. त्यावर तिनं सुचवलं की काही दिवस ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या. मी ती नवऱ्याकडे दिली, आणि किल्ली देताना कारण सांगावं लागलं म्हणून घरात पहिल्यांदा याबद्दल बोलणं झालं. माझी सगळ्या व्हेट मित्रमैत्रिणींना हात जोडून विनंती आहे, बाकी काही करा न करा, एवढं करा. दवाखान्यात दोघं असाल तर किल्ली एकट्याकडे नको, रजिस्टर ठेवा.

नंतर त्यांच्याकडून परत विचारपूस करायला फोन आला. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायची सोय आहे, आणि प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सिव्हिलला पाठवतात. नाव-गाव बाहेर जाईल का ही भीती असेल तर हेही माहीत असू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे.

मग एक स्टार का कापला? कारण ही लाइन सगळ्यांसाठी आहे, आमच्यासाठी वेगळी खिडकी नाही. परीक्षेच्या ताणातलं पोरगं, बाळंतीण, दारू सोडणारा माणूस, सगळे त्याच नंबरवर, आणि ते बरोबरच आहे, पण व्हेटचं दुखणं पूर्ण कळायला समोरच्याला गोठा माहीत असावा लागतो. आणि वेगळी खिडकी करणं अशक्य नाही. सैन्यदलासाठी टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला, तोही आपल्याच पुण्यात, एएफएमसी या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. जवानांचा ताण वेगळ्या जातीचा आहे हे मान्य करून कक्ष निघू शकतो तर पशुवैद्यांसाठी का नको? ब्रिटनमध्ये व्हेटलाइफ नावाची संस्था व्हेट लोकांसाठीच चोवीस तास हेल्पलाइन चालवते, आणि पैशाच्या अडचणीत असलेल्यांना आर्थिक मदतही करते, मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटलं. अमेरिकेत डॉ. सोफिया यिन २०१४ ला आत्महत्येनं गेल्या, प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारं मोठं नाव, त्यानंतर 'नॉट वन मोअर व्हेट' हा ग्रुप उभा राहिला, व्हेटनीच व्हेटसाठी केलेला. आपल्याकडे पशुवैद्यकांच्या संघटना आहेत, अधिवेशनं होतात, पगार-पदोन्नतीवर निवेदनं जातात आणि ती जायलाच पाहिजेत, त्याच अजेंड्यावर हा विषय यावा असं मला मनापासून वाटतं.

आता पेड ॲप. नाव देत नाही. जाहिरात छान होती, फोटोतले सगळे हसत होते. एका सेशनला १२०० रुपये, ५० मिनिटं, वेळ आधी बुक करायची. मी संध्याकाळी सातची वेळ घेतली, आणि सातला गाय अडल्याचा फोन आला. वासराचे पुढचे पाय बाहेर आणि मान मागे वळलेली, अशा वेळी थांबा माझं सेशन आहे असं सांगता येतं का? गेले. पैसे गेले. नियम त्यांनी आधीच लिहिलेला होता, २४ तास आधी रद्द केलं नाही तर परतावा नाही, म्हणजे फसवणूक म्हणता येणार नाही, पण ही रचना माझ्यासारख्यांसाठी नाहीच. हे परत परत झालं. दर वेळी थेरपिस्ट वेगळे, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. एकानं सांगितलं, तुम्हाला तर किती छान, दिवसभर प्राण्यांमध्ये असता, लोक ताण घालवायला प्राणी पाळतात. मुलगा भला होता, त्याला काही टोचायचं नव्हतं. पण त्यानंतर मी त्याला काहीच सांगू शकले नाही. दुसऱ्यांनी सांगितलं सातनंतर फोन बंद ठेवा. मी विचारलं आणि गाय? त्यावर बाउंडरीज या विषयावर पीडीएफ आलं. दोन स्टार देतेय ते श्वासाच्या एका व्यायामासाठी, जो मी अजून करते, गोठ्याकडे जाताना गाडीत, आणि त्यानं खरंच हात स्थिर राहतो.

ज्यांचं काम ठरलेल्या वेळेत होतं, समजा शहरातल्या क्लिनिकमध्ये शिफ्ट ड्युटी आहे, त्यांना असं ॲप चालू शकेल. फील्डवरच्यांनी पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी बघाव्यात. आयत्या वेळी वेळ बदलून मिळते का, आणि माणूस तेच राहतं का.

काउन्सेलर बाईंचं नाव टेली-मानसवरच्या बोलण्यानंतर मीच शोधत शोधत मिळवलं. त्यांचं वय झालंय, क्लिनिक साधं, एका सेशनचे ८०० रुपये. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं की मला तुमच्या कामातलं काही कळत नाही, तुम्ही मला शिकवा. आणि त्यांनी खरंच विचारून घेतलं, व्याल्यावर वार (जार) अडकते म्हणजे काय, हात घालून काय काय तपासता, रात्री बॅटरी कोण धरतं, गाय लाथ मारते तेव्हा काय करता. असं कुतूहल असलेलं माणूस मिळणं हे माझ्या मते डिग्रीइतकंच महत्त्वाचं आहे. वेळेच्या बाबतीतही त्यांनी मार्ग काढला, केस आली तर मेसेज टाका, त्या दिवशी उशिरा फोनवर बोलू.

इथं एक गोष्ट थांबून सांगायचीय कारण ती फक्त आपल्या धंद्यातली आहे. बाईंनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, आणि त्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन. त्यात मी स्वतःहून ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिसच्या जिवाणूची तपासणी, घालायला सांगितलं. का, तर गाभ टाकलेल्या गाई आणि अडकलेली वार हाताळणाऱ्या माणसाला ब्रुसेलोसिसचा धोका कायम, आणि त्यात ताप येतो-जातो, रात्री घाम, सांधे दुखतात, कमालीचा थकवा आणि उदासपणाही येतो. शिवाय कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात जी एस-१९ ही ब्रुसेलाची लस आपण देतो ती जिवंत लस आहे, टोचताना स्वतःच्या बोटात सुई गेली तर तीही बाधते. म्हणजे ज्याला आपण मनाचा थकवा समजतोय तो कदाचित जिवाणूचा असेल, आणि माणसांच्या डॉक्टरला तुम्ही व्हेट आहात हे सांगितलं नाही तर ते त्याच्या डोक्यात येईलच असं नाही. माझी ब्रुसेला टेस्ट निगेटिव्ह आली, बी-ट्वेल्व्ह मात्र बरंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली. गोळ्याही काही काळ घेतल्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशा, आणि त्या घेतल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आपण शेतकऱ्याला कोर्स पूर्ण करा, मधेच अँटिबायोटिक सोडू नका म्हणून बजावतो, तोच नियम स्वतःला लावला.

बाईंच्या खोलीत बसून झालेला सगळ्यात मोठा बदल मात्र रात्रीच्या फोनचा. त्या म्हणाल्या की फोन बंद करू नका, वाटून घ्या. मला वाटलं कोण वाटून घेणार, आपल्यात तर एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायची स्पर्धा. तरी शेजारच्या भागातल्या दोन व्हेटशी बोलले, त्यातला एक कॉलेजला मला सीनिअर होता. कळलं की त्यालाही फोनची तशीच धडधड होते. त्यालाही झोप नाही. आम्ही तिघांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या, ज्याची पाळी त्याच्याकडे तिघांचेही फोन वळवलेले, सकाळी केस मूळ डॉक्टरकडे परत, पैसे ज्यानं रात्र काढली त्याचे. सुरुवातीला शेतकरी कुरकुरले, आम्हाला मॅडमच पाहिजेत, मग त्यांना कळलं की झोप झालेला डॉक्टर मिळतोय. गिऱ्हाइक कुणाचं कुठं गेलं नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे कराच, याला एक रुपया लागत नाही.

उधारीवरही बाईंनी बोलायला लावलं. आता अडलेल्या गाईच्या केसला औषधाचे पैसे जागेवर घेते, माझी फी नंतर दिली तरी चालते. हे एक वाक्य आरशासमोर म्हणून बघायला लावलं होतं त्यांनी, आणि पहिल्यांदा शेतकऱ्याला म्हटलं तेव्हा त्याने निमूटपणे पाकीट काढलं.

कुणी काय वापरावं याबद्दल माझं मत असं. आत्ता या घडीला जीव नकोसा झालाय, किंवा रात्री गोठ्यातून निघालात आणि घरी जावंसं वाटत नाहीय, तर १४४१६. दुसरा विचार नको. पैसे लागत नाहीत, नाव कुणाला कळत नाही, मराठीत बोलता येतं. बरेच महिने चाललेलं दुखणं असेल तर तिथूनच सुरुवात करा पण पुढं एक कायमचं माणूस शोधा, आणि ते माणूस तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारतंय का बघा. स्वतःच्या तालुक्यात जायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, मीही तेच केलं. सरकारी नोकरीतल्यांनी सिव्हिलची सोय टाळू नका, तिथं केसपेपर काढून थेट डॉक्टरांना भेटता येतं. इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींना वेगळं सांगते, तुमच्या हातून पहिलं जनावर जाईल तेव्हा त्याच दिवशी एखाद्या सीनिअरला फोन करा, केस डिस्कस करा आणि त्याबरोबर स्वतःचंही सांगा. मला शिकताना सिझेरियन शिकवलं, मेलेल्या गाईच्या मालकासमोर कसं उभं राहायचं हे कुणी शिकवलं नाही. ते शिकता येतं, मी काउन्सेलर बाईंकडे पस्तिशीनंतर शिकले.

अजून एक. १४४१६ हा नंबर मी आता दवाखान्यात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी मोठ्या अक्षरात लावलाय आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मागच्या बाजूला छापून घेतलाय, कारण गाय गेल्यावर त्या घरात जे होतं ते मी रोज बघते आणि शेतकऱ्याला असा नंबर हातात देणारं दुसरं कोणी त्या वेळी तिथं नसतं. एका काकांनी कागद उलटा करून विचारलं, ह्यो जनावरांच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर का? मी म्हटलं नाही काका, तो १९६२, हा तुमच्यासाठी आहे. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. फलटण-माण-खटाव भागातल्या कुणा व्हेटला त्या कागदाची डिझाइन फाइल हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते, आणि रात्रीच्या पाळ्यांचा आमचा तक्ता पण पाठवते, तुमच्या गावांप्रमाणे बदलून घ्या.